खून, बुद्धिबळ आणि 'क्वॉल्ट्रॉ'चा निरोप : वॉलेस प्रकरण (१९३१)

सातवं घर

रहस्यकथेत बुद्धिबळ खेळणारा माणूस आला की मला आधीच धास्ती वाटते. बहुतेक वेळा तोच खुनी निघतो. थंड डोक्याचा, दहा चाली पुढचं बघणारा, माणसांना सोंगट्या समजणारा. मी पंधरा वर्षं स्पर्धा खेळतोय आणि असा माणूस मला अजून समोरच्या खुर्चीत भेटलेला नाही. भेटतात ते वेळ संपत आला की तळहात पँटला पुसणारे, आणि हातातला डाव घालवल्यावर जिन्यात जाऊन एकटे उभे राहणारे.

या समजुतीची किंमत एका माणसाने खरोखर मोजली. कुणाला हे प्रकरण माहीत असेल, तरी पुन्हा सांगतो, कारण मला त्यावर भांडायचं आहे.

लिव्हरपूल, सोमवार, १९ जानेवारी १९३१. नॉर्थ जॉन स्ट्रीटवरच्या सिटी कॅफेत सेंट्रल चेस क्लबची मंडळी संध्याकाळी जमायची. सव्वासातच्या सुमारास कॅफेत फोन आला. क्लबचा कर्णधार सॅम्युअल बीटी फोनवर गेला. पलीकडच्या माणसाने नाव सांगितलं आर. एम. क्वॉल्ट्रॉ. त्याला वॉलेस हवा होता. वॉलेस अजून आला नव्हता. मग त्याने निरोप ठेवला: उद्या संध्याकाळी साडेसातला २५, मेनलव्ह गार्डन्स ईस्ट इथे या, मुलीसाठी विम्याचं काम आहे.

विल्यम हर्बर्ट वॉलेस, वय ५२, विमा कंपनीचा एजंट, घरोघर जाऊन हप्ते गोळा करणारा. पावणेआठच्या सुमारास तो आला, त्याला निरोप मिळाला. या नावाचं आपल्या ओळखीत कुणी नाही असं तो म्हणाला, पत्ता वहीत लिहून घेतला, आणि ठरलेला डाव खेळायला बसला. डाव जिंकलाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ट्राम बदलत बदलत तिकडे पोहोचला. मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ आहे, साऊथ आहे, वेस्टही आहे. ईस्ट नाहीच. वाटेत कंडक्टरला विचारलं, पोलिसाला विचारलं, दुकानात विचारलं, आणि पावणेनऊच्या सुमारास २९, वूल्व्हर्टन स्ट्रीट या आपल्या घरी परतला. दारं उघडेनात. शेजारचं जोडपं नेमकं तेव्हाच बाहेर पडत होतं, त्यांच्या देखत मागचं दार उघडलं. बाहेरच्या खोलीत बायको ज्युलिया मरून पडलेली. डोक्यावर एकामागून एक घाव. तिच्या अंगाखाली वॉलेसचाच रेनकोट, अर्धवट जळलेला. हत्यार कधीच मिळालं नाही. विम्याच्या पैशांच्या पेटीतून चारेक पौंड गेले होते आणि पेटी पुन्हा जागच्या जागी फळीवर ठेवलेली होती.

पोलिसांचं म्हणणं: क्वॉल्ट्रॉ म्हणजे वॉलेसच. आवाज बदलून त्यानेच फोन केला, मंगळवारी निघण्याआधी बायकोला मारलं, आणि शहरभर पत्ता विचारत साक्षीदार गोळा केले. एप्रिलमध्ये ज्युरीने तासाभरात त्याला दोषी ठरवलं. शिक्षा फाशीची. मे महिन्यात अपील कोर्टाने ती रद्द केली.

माझं म्हणणं असं, की ज्याने पटावर चार दिवस काढले आहेत तो अशी योजना करणारच नाही. ही योजना समोरच्याने नेमकी आपल्याला हवी तीच उत्तरं द्यावीत या आशेवर उभी आहे. त्या रात्री क्लबातच या पत्त्यावर चर्चा झाली. एकजण जरी ठामपणे म्हणाला असता की अहो, ईस्ट नावाचा रस्ताच नाही, तर डाव तिथेच संपला होता. आम्ही नवशिक्या मुलांना पहिल्या महिन्यात हेच शिकवतो: प्रतिस्पर्धी सगळ्यात चांगली चाल खेळणार हे धरून चाला.

---

रातवाचक

जबरदस्त. रात्री एक वाजता वाचायला घेतलं आणि झोप उडाली. एक शंका: सोमवारी वॉलेस क्लबात येणार हे फोन करणाऱ्याला कुठून कळलं? हे माहीत असणारे दोघंतिघंच असतील, तर खुनी त्यांच्यातलाच.

---

सातवं घर

@रातवाचक, हा प्रश्न फार मोलाचा आहे. क्लबच्या स्पर्धेचं वेळापत्रक कॅफेत सगळ्यांना दिसेल असं लावलेलं होतं. कोण, कुणाशी, कोणत्या सोमवारी.

स्पर्धा खेळलेल्या माणसाला हा कागद लगेच डोळ्यांसमोर येतो. चार टाचण्या, उभ्या ओळीत नावं, आडव्या ओळीत तारखा, कुणीतरी पेनाने खोडून घातलेला बदल. फेरीआधी आम्ही सगळे त्याच्यापुढे मान उंच करून उभे असतो. पण चहा प्यायला आलेला कुणीही तो वाचू शकतो, आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणजे माहिती दोघातिघांकडे नव्हती, भिंतीवर होती.

वॉलेस येईलच याची मात्र खात्री नव्हती. आधीच्या फेऱ्यांना तो चुकला होता. फोन करणाऱ्याने दाणा टाकून बघितला.

---

उलटतपासणी

धागा छान, पण धागाकर्त्यांनी एक मोठी गोष्ट पोस्टमध्ये घेतलीच नाही. तो फोन वॉलेसच्या घरापासून चारशे यार्डांवरच्या सार्वजनिक बूथवरून आला होता. जोडणी नीट लागली नाही, फोन करणाऱ्याने ऑपरेटरकडे तक्रार केली, आणि म्हणून एक्स्चेंजमध्ये त्याची नोंद राहिली. ती तक्रार झाली नसती तर फोन कुठून आला हे कधीच कळलं नसतं. आणि वॉलेस सांगतो की आपण त्या संध्याकाळी सव्वासातच्या सुमाराला घर सोडलं. घराबाहेर पडायचं, बूथमध्ये शिरायचं, ट्राम पकडायची, पावणेआठला क्लबात. वेळा काट्याला काटा लागून बसतात.

मी फौजदारी वकिली करते. असा योगायोग अशिलाच्या बाजूने मांडायचा झाला तर मला घाम फुटेल.

---

सातवं घर

ताई, मुद्दा मान्य, मी घ्यायला हवा होता. पण तेच चारशे यार्ड दुसऱ्याही बाजूने बोलतात. वॉलेस घराबाहेर पडतो का, ट्रामच्या दिशेने जातो का, हे कुणाला बघायचं असेल तर तो त्याच परिसरात उभा राहणार. बघितलं, खात्री पटली, फोन केला. मंगळवारीही तसंच.

आणि इथे मला खरा फरक दिसतो. बाहेरच्या माणसासाठी हा फोन म्हणजे कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवणं. जमलं तर जमलं. वॉलेस क्लबात आला नाही, निरोप मिळाला नाही, मंगळवारी घरातच बसला, तरी त्याचं काहीच जात नाही. पुढच्या आठवड्यात दुसरं काही. वॉलेसने स्वतः केला असेल तर मात्र पहिल्याच चालीत वजीर पणाला लागतो, कारण त्याचा आवाज ओळखणारा माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला आहे.

---

उलटतपासणी

नाही पटत. वॉलेसचंही काही जात नव्हतं. पहिला घाव घालेपर्यंत तो केव्हाही मागे फिरू शकत होता. बीटीने ओळखलं असतं तर हसून गंमत केली म्हणाला असता. पत्ता खोटा निघाला असता तर कुणीतरी चेष्टा केली म्हणून घरी बसला असता. ज्युलिया मंगळवारी संध्याकाळीसुद्धा जिवंतच असती. तुमचं कडेचं प्यादं दोघांच्याही पटावर आहे.

---

तिरका उंट

+१ उलटतपासणी. हा युक्तिवाद मी यापूर्वी कुठे वाचला नव्हता.

बुद्धिबळाबद्दल एक भर: वॉलेस काही मोठा खेळाडू नव्हता. क्लबच्या दुसऱ्या वर्गाच्या स्पर्धेत खेळायचा. त्या रात्री जिंकलेला डावही त्याच वर्गातला. खटल्याभोवती त्याची जी प्रतिमा उभी राहिली, बुद्धिबळाचा मेंदू, पटावरचा कारस्थानी, तिच्यात तो बसत नाही. संध्याकाळी चार घटका खेळायला येणारा, घरी व्हायोलिनवर हात चालवणारा साधा माणूस. बायको पियानोवर साथ करायची.

---

पटाबाहेर

मी बुद्धिबळ खेळत नाही, पण लेक खेळते. आठ वर्षं स्पर्धांच्या हॉलबाहेर डबा आणि पाण्याची बाटली घेऊन बसते आहे. त्यामुळे एक गोष्ट सांगावीशी वाटली.

वॉलेस शांत होता, बायको मेलेली बघूनही कोसळला नाही, कोर्टात स्थिर आवाजात उत्तरं दिली, हे सगळं त्याच्या विरुद्ध गेलं असं मी वाचलं आहे. माझी लेक डाव खेळताना बघितलीत तर वाटेल की ही दगडाची आहे. चेहऱ्यावर रेष हलत नाही. एकदा मला काचेच्या दारातून टेबलाखालचं दिसत होतं. तिने दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीभोवती गुंडाळले होते आणि गुडघे इतके थरथरत होते की शेजारच्या पटावरचा मुलगा खाली वाकून बघत होता. वर चेहरा तोच. चाल खेळली, घड्याळ दाबलं, चाल लिहिली, पेन सरळ ठेवलं. डाव संपल्यावर ती माझ्या कुशीत अर्धा तास रडली, आणि तो डाव ती जिंकली होती.

वॉलेसच्या टेबलाखाली कुणी बघितलं नाही.

---

रातवाचक

@पटाबाहेर, अंगावर काटा आला ताई.

---

उलटतपासणी

पटाबाहेर ताई, तुमचं म्हणणं कोर्टात कुणीतरी मांडायला हवं होतं. शोक कसा दिसावा याबद्दल बारा माणसांच्या मनात एक चित्र असतं, आणि त्या चित्रात न बसणारा माणूस कठड्यात उभा राहिला की अर्धा खटला तिथेच हरतो.

म्हणूनच निकालाचा तपशील सांगते. न्यायाधीश राइट यांनी ज्युरीला समजावताना पुराव्याचा कच्चेपणा दाखवून दिला होता. त्यांचा कल सुटकेकडे आहे हे ऐकणाऱ्याला कळत होतं. तरीही तासाभरात 'दोषी'. अपील कोर्टाने शिक्षा रद्द केली ती पुराव्याच्या वजनाने निकाल टिकत नाही या कारणावर. खुनाच्या खटल्यात त्या कारणावर शिक्षा रद्द होण्याची ती पहिली वेळ. कोर्ट त्याला निर्दोष म्हणालं नाही, पुरावा पुरेसा नाही एवढंच म्हणालं. त्याच्यामागे उभी राहिली ती त्याच्याच विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांची संघटना. पैसा लावण्याआधी त्यांनी आपल्यापुरता बंद दाराआड खटला चालवून बघितला आणि तो निर्दोष आहे असं ठरवलं. अपिलाआधी लिव्हरपूलच्या कॅथीड्रलमध्ये प्रार्थनाही झाली.

आता परत माझ्या मूळ हरकतीकडे. सातवं घर, 'बुद्धिबळ खेळणारा माणूस असा वागणार नाही' हे तुमचं वाक्य आणि 'बुद्धिबळ खेळणारा माणूस असाच वागतो' हे पोलिसांचं वाक्य, दोन्ही एकाच जातीची आहेत. दोघंही खेळावरून माणूस वाचताय. पटावर अतिशय सावध खेळणारे लोक आयुष्यात भलत्या उड्या मारताना आपण बघितलेले नाहीत का?

---

सातवं घर

काल रात्री हा प्रतिसाद वाचला आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं, मग खोडलं. दिवसभर डोक्यात तेच होतं.

बरोबर आहे तुमचं. आमच्याकडे एक ज्येष्ठ खेळाडू होते, पटावर प्यादंसुद्धा फुकट द्यायचे नाहीत, बरोबरीसाठी सहा तास बसायचे. त्यांनी निवृत्तीचा सगळा पैसा एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर घालवला. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं असतं तर मीच छातीठोक सांगितलं असतं की हे असं करणारच नाहीत.

तेव्हा योजनेवरून वॉलेस निर्दोष आहे हा माझा मुद्दा मी मागे घेतो. मूळ पोस्ट बदलत नाही, पुढच्यांना चर्चा कळावी म्हणून तशीच ठेवतो.

---

तिरका उंट

अवांतर, पण विषयाला धरून: तुरुंगातला खरा बुद्धिबळपटू हवा असेल तर अमेरिकेतला क्लॉड ब्लडगुड. खुनाच्या गुन्ह्यात व्हर्जिनियाच्या तुरुंगात. आधी मृत्युदंडाची शिक्षा झाली होती, ती पुढे जन्मठेपेत बदलली. आत इतर कैद्यांशी तो हजारो डाव खेळला, आणि त्या बंद वर्तुळातल्या डावांवरून १९९६ मध्ये त्याचं रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, २७०० च्या वर गेलं, अमेरिकेच्या यादीत दुसरं. तो तेवढा ताकदवान नव्हता हे सगळ्यांना कळत होतं, पण आकडा कागदावर होता. रहस्यकथा लिहिणाऱ्याने खुनापेक्षा या आकड्याचा माग काढावा, कथा तिथे आहे.

आणि मृत्यूचंच म्हणाल तर अलेखिन. विश्वविजेता असतानाच मार्च १९४६ मध्ये पोर्तुगालमध्ये एस्तोरिलच्या हॉटेलच्या खोलीत गेला. फोटोत अंगात ओव्हरकोट, खुर्चीत बसलेला, शेजारी मांडलेला पट. तपासणीत घशात मांसाचा तुकडा अडकल्याचं कारण दिलं गेलं, आणि आजही लोक त्यावर वाद घालतात. तो पट तिथे फोटोसाठी मांडला होता का, हा प्रश्न मला कारणापेक्षा जास्त छळतो.

---

रातवाचक

वॉलेस नसेल तर मग कोण? दुसऱ्या कुणावर संशय होता का?

---

सातवं घर

होता. वॉलेसने स्वतःच पोलिसांना काही नावं दिली होती. त्यात गॉर्डन पॅरी नावाचा तरुण. पूर्वी त्याच विमा कंपनीत होता, पैशांच्या हिशेबात त्याची गडबड झाली होती, वॉलेसच्या घरी जाऊन आलेला, पेटी कुठे असते हे माहीत असलेला, आणि सिटी कॅफेत ज्याचं येणंजाणं होतं असा. म्हणजे तो कागद त्याने भिंतीवर बघितला असू शकतो. त्याचं नाव उघडपणे घेतलं गेलं १९८१ मध्ये, तो गेल्यानंतर. खुनाच्या संध्याकाळी आपण दुसरीकडे होतो याला त्याच्याकडे साक्षीदार होते, आणि त्याच्यावर कधी खटला चालला नाही. त्यामुळे मी त्याला खुनी म्हणणार नाही. एकाला खेळावरून दोषी ठरवलं, आता दुसऱ्याला स्वभावावरून ठरवायचं का?

माझ्यापुरत्या आता दोनच गोष्टी उरल्यात. एक, बीटीचा कान. तो वॉलेसला वर्षानुवर्षं ओळखत होता, फोनवर काही मिनिटं बोलला, आणि लगेच अर्ध्या तासात समोरासमोर तोच निरोप त्याला दिला. दोन्ही आवाज एकामागोमाग कानावर पडले. कोर्टात विचारलं तेव्हा तो म्हणाला की फोनवरचा आवाज वॉलेसचा होता असं म्हणायला कल्पना फार ताणावी लागेल. पोलिसांना दुसरं उत्तर आवडलं असतं, तरी तो हलला नाही.

दुसरी गोष्ट वेळ.

---

उलटतपासणी

वेळेवर मीही तुमच्या बाजूने येते. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ प्रेताच्या ताठरपणावरून काढली, ती फार सैल गोष्ट आहे. पक्की टोकं दोनच. एक, ज्युलियाला जिवंत बघणारा दुधाचा पोरगा. दुसरं, वॉलेस सात वाजून सहा मिनिटांच्या सुमाराला ट्रामच्या पुढच्या थांब्यावर होता, म्हणजे घरून उशिरात उशिरा ६:४९ च्या आसपास निघाला. पोलिसांनी तरणे शिपाई पळवून ते अंतर मोजून बघितलं.

पोराने कोर्टात साडेसहा सांगितलं. त्याच्या सोबतच्या मुलांनी सांगितलं की आधी तो आमच्याशी पावणेसात म्हणाला होता. साडेसहा धरलं तर वॉलेसला एकोणीस मिनिटं मिळतात. पावणेसात धरलं तर चार.

---

पटाबाहेर

हे वाचून मला स्वस्थ बसवेना. लेकीचं बुद्धिबळाचं जुनं काट्याचं घड्याळ कपाटात होतं, वेळ संपली की झेंडा पडतो ते. मधलं म्हणून दहा मिनिटांवर लावलं आणि दाबलं.

रेनकोट चढवला. बाहेरच्या खोलीत गेले, दिवा लावला. घावांची फक्त वेळ धरली, हात उचलवला नाही माझ्याच्याने. जळणारा कोट विझवण्यापुरती थांबले, दिवा मालवला. वर जाऊन हात, तोंड, केस धुतले. फिर्यादी पक्षाचं म्हणणं होतं की तो अंगावर फक्त रेनकोट घालून होता, म्हणून पूर्ण कपडे चढवायची वेळ धरली: सदरा, बटणं, टाय, बूट, नाड्या. टायला फार वेळ गेला, ओले हात घसरत होते. पेटी खाली काढली, उघडली, परत ठेवली. हत्यार म्हणून लाटणं घेतलं होतं, ते लपवायला जागा शोधत स्वयंपाकघरात उभी होते, तेव्हा बाहेरून टक् असा आवाज आला. झेंडा पडला होता.

आणि त्याच्या अंगावर, कपड्यांवर रक्ताचा एक ठिपका मिळाला नव्हता. न्हाणीघर नुकतंच वापरल्याची खूणही नव्हती. मी तर सगळीकडे पाणी करून ठेवलंय.

---

सातवं घर

ताई, हे तुम्ही केलंत याला तोड नाही.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच्या डोक्यात प्रत्येक हालचाल आधी फिरलेली असणार, जर त्याने केलं असेल तर. तुम्ही पहिल्यांदा करत होतात. एकदा सराव झाल्यावर परत लावून बघाल का?

---

पटाबाहेर

परत लावलं. आठ मिनिटं चाळीस सेकंद, या वेळी लाटणं आधीच ठरवलेल्या जागी टाकलं. टाय अजूनही नीट बसला नाही. लेक शाळेतून आली आणि विचारते, आई, तू घरात टाय का घातलायस?

---

उलटतपासणी

म्हणजे पोरगा ६:४० च्या आधी आला असेल तर जमतं, नंतर आला असेल तर जमत नाही. सगळं त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या फेरीवर येऊन थांबतं. त्या बाजूच्या इतर घरांत त्याने किती वाजता दूध घातलं याच्या साक्षी वाचायला घेते. सापडलं की इथेच लिहीन.

---

सातवं घर

वाट बघतो. वॉलेसला फार दिवस मिळाले नाहीत. सुटल्यावर शेजाऱ्यांनी तोंड फिरवलं, निनावी पत्रं येत राहिली, शेवटी तो नदीपलीकडे ब्रॉमबरोला राहायला गेला. तिथून दोन वर्षांच्या आतच, २६ फेब्रुवारी १९३३ ला मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. अ‍ॅनफिल्डच्या स्मशानात त्याला ज्युलियाच्याच कबरीत पुरलं.

ताई, घड्याळ परत कपाटात ठेवू नका. दुधाची वेळ हाती आली की तिसऱ्यांदा लावू.